ह्यांच्या नावाचा रंग

माजलगावात मोंढ्याकडे वळताना डाव्या हाताला एक मॅचिंग सेंटर लागतं. पाटीवर मालकाच्या कुलदेवतेचं नाव आहे, पण गावातल्या बायका त्याला मनिषाचं दुकान म्हणूनच ओळखतात. मनिषा तिथं नुसती कामाला आहे. तरी त्या बोळासारख्या लांबट जागेत, छतापर्यंत रचलेल्या ब्लाउजपीस, अस्तर आणि दोऱ्याच्या रिळांमध्ये ती माहेरच्या माणसांत असल्यासारखी वावरते. गिऱ्हाइकानं साडीचा काठ पुढे केला की तो घेऊन ती दारापर्यंत जाते. ट्यूबलाइटच्या उजेडावर तिचा विश्वास नाही. काठ उन्हात धरायचा, डोळे बारीक करायचे, आणि परत येऊन न चाचपडता हात वर न्यायचा. हात थांबतो तिथं तोच रंग असतो.

रंगांची नावं तिच्या जिभेवर कायम तयार. आमसुली, डाळिंबी, कोनफळी, मोतिया, अबोली, पारवा. कॉलेजच्या पोरी मोबाइलवर फोटो दाखवून असा पाहिजे म्हणतात, तेव्हा ती हसून विचारते, असा म्हणजे कसा, नाव सांग की त्याचं. बिननावाचा रंग तिला अंगणात ताटकळणाऱ्या पाहुण्यासारखा वाटतो. नाव कळल्याशिवाय त्याला घरात घ्यायचं कसं?

एका रंगाचं नाव मात्र ती घेत नाही. रामा.

हिरव्यात निळा मुरत गेला की मोरपंखीच्या अलीकडे तो कुठंतरी थांबतो. धरणाच्या पाण्यावरून ढग सरकताना काठाशी क्षणभर उतरतो आणि पुन्हा निघून जातो. मनिषाचा सगळ्यात लाडका रंग हाच. पण तिच्या नवऱ्याचं नाव रामेश्वर, आणि घरीदारी सगळे त्याला रामाच म्हणतात. आता नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत गावात कुणी फारशी पाळत नाही. मनिषाच्या घरात मात्र सासूबाई होत्या, आणि सासऱ्यांचं नाव धोंडीराम. सासूबाईंनी उभ्या जन्मात धोंडा हा शब्द उच्चारला नव्हता. अधिक महिन्याला सारं गाव धोंड्याचा महिना म्हणतं, त्या 'वाढीव महिना' म्हणायच्या. चुलीला दगड लागला तरी 'ते कठीण आण गं' असं सांगायच्या. अशा घरात नांदून मनिषाच्या जिभेलाही वळण पडलं. दुकानात रामा रंगाला ती 'ह्यांचा' म्हणायची. कोपऱ्यात शिलाई मशीनवर फॉल-बिडिंग करणाऱ्या रतनबाईंना तेवढंच पुरे होतं. बाई गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं विचारायच्या, "मनिषा, ह्यांचा दोन मीटर कापला का गं?" आणि मनिषाचे कान डाळिंबी व्हायचे.

रामेश्वर ट्रॅक्टर चालवतो. गळीत हंगाम लागला की मालकाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून तो कर्नाटकातल्या एका कारखान्यावर जातो, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत तिकडेच असतो. फडातून ऊस भरून आणायचा आणि यार्डात नंबर लावायचा. पुढे ट्रॅक्टरांची रांग, मागे ट्रॅक्टरांची रांग, हवेत मळीचा आंबूस वास, आणि वाट बघणं. ह्या वाट बघण्यातच यार्डातल्या ड्रायव्हरांना मोबाइलवरच्या त्या खेळाचा नाद लागला. खेळाचं खरं नाव इंग्रजीत होतं. यार्डात त्याला सगळे 'चिलखत' म्हणत.

रामेश्वर मुळात अबोल. घरात असला तरी आईशी गुरांविषयी, बायकोशी भाजीविषयी, यापलीकडे शब्द जायचे नाहीत. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मनिषाला एक गोष्ट उलगडली नव्हती. हा माणूस आपल्याकडे बघतो का? नवं लुगडं नेसून समोर उभं राहिलं तरी त्याच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. पहिल्या दिवाळीला त्यानं विचारलं होतं, साडी कोणत्या रंगाची आणू. तिनं लाजत आमसुली सांगितला. त्यानं गेवराईहून साडी आणली ती शेवाळी. दुकानदारानं वरची उचलून दिली असेल आणि ह्यानं न बघता काखोटीला मारली असेल, असं समजून तिनं ती नेसली, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण मनात ती शेवाळी घडी तशीच राहिली.

मागच्या हंगामात रामेश्वरनं एके दिवशी फोनवर भीतभीत विचारलं, तूही खेळतीस का माझ्यासंगं? दुपारची तू मोकळीच असतीस. मनिषाला आधी हसू आलं. तलवारी घेऊन पळणारी पोरासोरांची गंमत ती. पण नवऱ्यानं आपण होऊन काही मागितलं, हे इतकं नवं होतं की तिनं त्याच दुपारी फोनमध्ये जागा करून खेळ उतरवून घेतला.

आणि मग त्या लहानशा काचेतून ती एका खोऱ्यात उतरली.

खोरं मोठं होतं. मधून नदी वाहायची, पल्याड डोंगर, डोंगरावर गड. एका वेळी शंभरेक माणसं तिथं हिंडायची, कुठकुठली, अंगभर चिलखत चढवलेली. टोळी करायची, तराफ्यावरून नदी ओलांडायची, वाटेतल्या राक्षसांशी झुंजायचं आणि गड गाठायचा. मनिषाला झुंजण्यात रस नव्हता. तिला आवडायचं ते नुसतं चालणं. तिथं कायम संध्याकाळ असल्यासारखा उजेड असायचा, गवत वाऱ्यानं एका अंगावर झुकायचं, आणि धुकं यायचं. मोंढ्यातला हमालांचा कालवा, रतनबाईंच्या मशीनची खडखड, बाहेरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीवरचं गाणं, सगळं विरून जायचं. कानातल्या तारेतून फक्त नवऱ्याचा श्वास आणि त्यामागं यार्डातली इंजिनं ऐकू यायची. डोळे मिटले तर वाटावं, दोघं कुठंतरी खरोखरच शेजारी शेजारी चालली आहेत.

खोऱ्याच्या वेशीपाशी एका रंगाऱ्याचा तंबू होता. तो सापडला आणि मनिषाला तो खेळ आपला वाटला. तो दाढीवाला रंगारी काही बोलायचा नाही, फक्त कढई ढवळत बसायचा. रानातून फुलं, मुळ्या, दगड गोळा करून आणले की त्याच्या कढईत रंग तयार व्हायचा. शिरस्त्राण, छाती, खांदे, मनगटं, पोटऱ्या, चिलखताच्या प्रत्येक भागाला वेगळा रंग देता यायचा. बोट सरकवलं की रंग उजळ, सरकवलं की मंद. झळाळी किती, तीही ठरवायची. रंग किती वापरलेला दिसावा यासाठीही एक पट्टी होती. ती बघून मनिषाचा जीव हरखला. धुवून धुवून मऊ झालेल्या लुगड्याचा रंग कोऱ्या लुगड्याहून वेगळा असतो हे ओळखणारा माणूस हा खेळ बनवणाऱ्यांत कुणीतरी होता तर.

नव्यानं आलेल्याचं चिलखत लोखंडी राखाडी असायचं. यार्डातले लोक अशांना 'कोरे' म्हणत. धुक्यात लांबून कुणाचं नाव दिसायचं नाही, अगदी हाताच्या अंतरावर आल्यावरच डोक्यावर अक्षरं उमटायची. तोवर ओळख फक्त रंगाची. म्हणून जो तो लवकरात लवकर कोरेपणा घालवायच्या मागं असे. रामेश्वरचा जोडीदार मुंजाजी, त्याच कारखान्यावरचा दुसरा ट्रॅक्टरवाला, नखशिखान्त राणी रंगात फिरायचा, आणि त्याला कुणी काही म्हटलं की सांगायचा, म्हशीच्या रंगाचा हाय म्हणून काय खेळातबी तसंच राहू का.

मनिषानं मात्र घाई केली नाही. तिला एकच रंग हवा होता. त्यासाठी लागणारं निळं फूल नदीपलीकडच्या दलदलीत, आणि हिरवा दगड गडाच्या पायथ्याशी. दुपारमागून दुपार ती ते वेचत राहिली. कढईतला रंग कधी मोरपंखीकडे झुकायचा, कधी पोपटीकडे. एका दुपारी तो नेमका आला. जेवणाचा डबा उघडा तसाच राहिला आणि मनिषा काचेतल्या त्या मूर्तीकडे बघत बसली. पायापासून डोक्यापर्यंत ह्यांचा. तोंडानं जे घेता येत नव्हतं ते तिनं अंगावर घेतलं होतं. आता नवरा भेटेल, बघेल, आणि काहीतरी म्हणेल. निदान हसेल.

रामेश्वर भेटला. तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "तू अजून कोरीच कावून? सगळे रंग लावतेत. लोखंडच बरं वाटतं का तुला?"

तिला वाटलं, चेष्टा करतोय. मग वाटलं, चेष्टा नाही, नेहमीचंच, बघितलंच नाही. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बरंय असंच." शेवाळी घडीवर आणखी एक घडी पडली.

तरी ती जात राहिली, कारण त्या खोऱ्यात तो बोलायचा. घरात न बोललेलं सगळं तिथं सांगायचा. फडावर कोल्ह्याची पिल्लं निघाली, पहाटे उसाच्या पाचटावर दव कसं चमकतं, आज स्वयंपाकात मीठच विसरलं. नुसत्या आवाजाचा रामेश्वर हा दुसराच माणूस होता. फक्त धुकं आलं की तो तिला हरवायचा. तिला ओलांडून भलत्याच कुणा कोऱ्यामागं चालू लागायचा, आणि मग तिनं 'डाव्या हाताला दगड हाय, तिथं हाय मी' असं सांगायचं. दर वेळी हसून सांगायची. दर वेळी हसू जरा उशिरा यायचं.

मग ती तराफ्याची दुपार आली. यार्डातली सगळी मंडळी त्या दिवशी एकत्र निघाली होती, गड घ्यायचाच म्हणून. नदीकाठी धुकं इतकं दाटलं की पाणी नुसतं ऐकू येत होतं, आणि शेजारच्याच्या डोक्यावरची अक्षरंही दिसत नव्हती. तराफा सुटायच्या बेतात होता. रामेश्वर चढला, आणि त्याच्या शेजारी कुणी एक कोरा चढला. मनिषा काठावरच होती, दोन झाडांमागं. तराफा हलला. तिनं घाईनं सगळ्यांच्या बोलण्यात आवाज दिला, "अहो!"

तराफ्यावरची जवळजवळ सगळी चिलखतं एकदम वळली. त्यात मुंजाजीचं राणी चिलखत सगळ्यात आधी. मग हशा उसळला. कुणी म्हणालं, वहिनी, नाव घेऊन हाका मारा, हितं समद्यांच्या घरी अहो म्हणणाऱ्याच हायेत. मुंजाजी म्हणाला, घ्या की उखाणा. मनिषाच्या ओठांशी ते नाव आलं आणि तिथंच अडकलं. रामेश्वर वळलाच नव्हता. तो शेजारच्या कोऱ्याकडे तोंड करून, आपल्या त्या हळू आवाजात बोलत होता.

"मने, ह्या कडेला ये. हितून पाण्याचा आवाज लई भारी येतो. तुला धरणावर बसायला आवडतं ना, मला ठावं हाय. पट्टा पडला की जाऊ. घरी मला बोलता येत न्हाई गं, पण ध्यानात असतं समदं."

तराफा धुक्यात शिरला. काठावर उभी राहून मनिषा ऐकत राहिली. जे शब्द ऐकण्यासाठी तिनं इतकी वर्षं कान टवकारले होते ते तिच्या कानात पडत होते, आणि दिले जात होते भलत्याच कुणाला. मग तो कोरा बोलला. कुठल्यातरी लांबच्या गावचा मुलगा, आवाज अजून फुटायचा होता. त्यानं हिंदीत भाबडेपणानं विचारलं, भैया, आप मुझसे बात कर रहे हो?

हशा पुन्हा उसळला तेव्हा मनिषानं खेळ बंद केला होता.

त्यानंतर ती त्या खोऱ्यात गेली नाही. फोन आला की रेंज नाही म्हणायची. रागापेक्षा तिला एक प्रकारचं रितेपण आलं होतं. त्याच्या मनात माया आहे, हे कळलं होतं. पण समोर उभी असलेली बायको शंभर लोकांत ओळखू येत नाही, अंगभर त्याचंच नाव लेऊन उभी राहिली तरी कोरीच दिसते, तर त्या मायेचं करायचं काय? दुकानात ती काठ उन्हात धरायची आणि धरूनच राहायची. रतनबाई म्हणाल्या, अगं, साडीचा रंग विटेल.

पुढच्या आठवड्यात बॉयलर सफाईसाठी कारखाना बंद राहिला आणि रामेश्वर मुकादमाच्या जीपमधून गावी आला. घरी पिशवी टाकून तो थेट दुकानात आला आणि बूट काढून दाराशी उभा राहिला, जणू गिऱ्हाईक. मनिषा एका बाईला अस्तर मोजून देत होती. तिनं वर बघितलं, पुन्हा मीटरपट्टीकडे बघितलं. रतनबाईंना मात्र आयतं कोलीत मिळालं. मशीनवर पाय ठेवूनच त्या म्हणाल्या, "दाजी, नुसते उभे कशाला? ते रामाचं रीळ द्या इकडं. तुमी त्या रंगाचे मालक."

रामेश्वर हसला आणि रिळांच्या भिंतीकडे वळला. हात वर गेला. मग थांबला. थोडा डावीकडे सरकला, पुन्हा थांबला. त्यानं एक रीळ काढून रतनबाईंना दिलं.

"हे तर पारवा हाय," रतनबाई म्हणाल्या. "सोताचं नावबी वळखू येईना का?"

तो पुन्हा वळला. या वेळी त्यानं काढलं ते फिक्या गुलाबी राखेच्या रंगाचं. रतनबाई हसायला लागल्या. मनिषाच्या हातातली कात्री थांबली.

ती त्याचा हात बघत होती. चेष्टा करणाऱ्याचा हात असा नसतो. आळशाचाही नसतो. अंधाऱ्या खोलीत, उंबरा कुठं आहे हे पायानं शोधणाऱ्या माणसासारखा तो हात रिळांवरून फिरत होता. मान खाली, कानाच्या पाळ्या तापलेल्या. रामाचं रीळ त्याच्या बोटांसमोरच होतं. बोटं त्यावरून गेली आणि पुढे सरकली.

मनिषा उठली, त्याच्या शेजारून हात घालून ते रीळ काढलं आणि रतनबाईंना म्हणाली, "मीच जागा बदलली होती कालच्याला. त्यांला काय ठावं."

जागा तिनं वर्षानुवर्षं बदललेली नव्हती. रतनबाईंनी तिच्याकडे बघितलं, आणि मशीन सुरू केलं.

दुपारी तिनं मालकाला फोन करून सुट्टी मागितली. दोघं मोटारसायकलवर धरणाकडे गेली. भिंतीच्या कडेनं करडई फुलली होती आणि पाणी ऊन पांघरून निजल्यासारखं पडलं होतं. मग तिनं हातातल्या बांगड्या पुढे केल्या. हिरव्या, काचेच्या, तो येणार म्हणून भरलेल्या.

"ह्या कशा दिसतेत तुमाला?"

त्यानं तिचं मनगट उन्हात फिरवून बघितलं. "मातीच्या," तो म्हणाला. "म्हंजे मातीच्या रंगाच्या. ओली माती असती तशा."

शाळेपासूनचं होतं ते. मास्तरांनी आंब्याचं झाड रंगवायला सांगितलं तर त्यानं पानं खोडाच्या रंगाची केली होती, आणि वर्ग हसला होता. मग त्यानं रंगाबद्दल बोलणंच सोडून दिलं. कारखान्याच्या वजनकाट्यावरचा दिवा तो जागेवरून ओळखतो, वरचा पेटला की थांबायचं. बाकी कुठं अडत नाही. ती दिवाळीची साडी? त्यानं दुकानदाराला विचारलं नव्हतं, लाज वाटली. मनाशी आमसुलं आठवून स्वतःच्या डोळ्यांनी निवडली होती. गेवराईच्या त्या दुकानात अर्धा दिवस बसलो होतो, म्हणाला. एक एक साडी उलगडून बघत.

मनिषा पाण्याकडे बघत राहिली. न बघता काखोटीला मारलेली ती साडी तिच्या मनात हळूहळू उलगडली, आणि तिच्या घडीघडीवरून ह्या माणसाचा हात फिरलेला तिला दिसू लागला.

"मला कावून नाही सांगितलं?"

"बायको रंगाच्या दुकानात. समद्या गावाला रंग वळखून देती," रामेश्वर म्हणाला. "तिला कोणत्या तोंडानं सांगू, मला दिसत न्हाई म्हणून?"

तिनं मग पिशवीतून रामा रंगाची एक चिंधी काढली. नमुन्याच्या चिंध्या तिच्या पिशवीत कायम असायच्या. तिनं ती त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं उन्हाकडे धरली, डोळे बारीक केले, अगदी तिच्यासारखेच. राखाडी, म्हणाला. लोखंडावानी. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. तू कोरी नव्हतीस, म्हणाला. तिनं मान हलवली. त्याच्या स्वतःच्या नावाचाच रंग नेमका त्याच्या डोळ्यांना दिसत नव्हता. दोघांनाही एकदम हसू आलं, आणि तिच्या हसण्यात थोडं पाणी होतं.

"मग दिसतं काय तुमाला?"

त्यानं करडईकडे बोट दाखवलं. हे दिसतं, लख्ख. मग पाण्याकडे, जिथं ते खोल होतं. आणि हे.

ऊन कलेपर्यंत ती त्याला विचारत राहिली, ढगाविषयी, तिच्या पदराविषयी, पलीकडच्या उसाविषयी. तो सांगत राहिला. त्याच्या डोळ्यांमागचं गाव वेगळंच होतं. तिथं ऊस पिवळसर होता, कुंकू काळपट होतं, आणि संध्याकाळचं आभाळ निळं होतच जायचं. ती ते गाव न्याहाळत बसली.

कारखाना सुरू झाला, तो परत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मनिषा वेशीपाशी रंगाऱ्याच्या तंबूत शिरली. छातीला, पोटऱ्यांना करडईचा पिवळा दिला, झळाळी पट्टीच्या शेवटापर्यंत नेली. खांद्यांना आणि शिरस्त्राणाला शाईसारखा निळा. तिच्यातली मॅचिंगवाली कळवळत होती. असं कुणी गिऱ्हाईक आलं असतं तर तिनं गोडीत समजावून परत पाठवलं असतं. वाटेत कुणी अनोळखी तिला बघून हसला, कोण्या यात्रेचा बैल सुटला म्हणाला. ती पुढे चालत राहिली.

नदीकाठी धुकं होतं, आणि धुक्यात माणसंच माणसं. राखाडी, तांबडी, काळी, जांभळी. ती बोलली नाही. अहो म्हणाली नाही, दगड सांगितला नाही. दोन झाडांमागं, त्याच जागी उभी राहिली. दुकानात रतनबाई मशीनवर डोकं टेकून झोपल्या होत्या. बाहेर मोंढा उन्हात पेंगत होता. तिच्या छातीत मात्र धडधड सुरू होती, नव्या नवरीसारखी.

गर्दीतून एक चिलखत निघालं. इकडे तिकडे बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. सरळ, गवत तुडवत, तिच्याकडेच पळत आलं आणि हाताच्या अंतरावर थांबलं.

"लांबून दिसलीस," रामेश्वरचा आवाज आला. "पार त्या टेकडीवरून."

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. कारण त्याच्या अंगावर, डोक्यापासून पायापर्यंत, धरणाच्या काठाशी उतरतो तो रंग होता. किंचित निळ्याकडे झुकलेला, पट्टी केसभर मागं घ्यायला हवी होती.

"मुंजाजीकडून लावून घेतला," तो म्हणाला. "त्याला सांगितलं समदं. असल्या डोळ्यांसाठी खेळात एक सोय हाय म्हणला, पर तिनं समद्या खोऱ्याचाच रंग बदलतो. मला हे असंच बरं वाटतं. सोताला लोखंडच दिसतो मी." मग जरा थांबून, भीतभीत, पहिल्या दिवाळीला विचारलं होतं तसं विचारलं, "तुला दिसतो का? कोणता हाय सांग बरं."

यार्डातले सगळे ऐकत होते. मनिषानं त्या रंगाकडे डोळे भरून बघितलं.

"रामा," ती म्हणाली.

मुंजाजीनं खुशीत आरोळी दिली की रंग बरोबर जमला. रामेश्वरच्या श्वासामागं इंजिनं घरघरत होती. मग तो तराफ्याकडे वळला, आणि ती येईपर्यंत थांबला.